वास्तू कोणाची?

झुरिक सरोवराच्या पूर्व तीरावर सेफेल्ड नावाचा नगरभाग आहे. तेथे ट्राममधून उतरून पाण्याच्या दिशेने चालू लागावे, म्हणजे घरांच्या रांगा मागे पडतात, हिरवळ लागते, आणि तिच्या कडेस, झाडांच्या आडून, एक विलक्षण छप्पर दिसू लागते. पोलादी पत्र्याच्या दोन प्रचंड छत्र्या कोणी शेजारी शेजारी उघडून धरल्या आहेत असा भास होतो; एकीचा माथा वर उचललेला, दुसरीचा खाली दबलेला. त्या छत्र्या आपापल्या खांबांवर उभ्या आहेत, आणि त्यांच्या सावलीत, त्यांच्या आधारावाचून, काचेचे आणि रंगीत पत्र्यांचे एक लहानसे दुमजली घर आहे. तांबडा, पिवळा, हिरवा, काळा, पांढरा अशा ठसठशीत रंगांचे ते चौकोन पाहून प्रथमदर्शनी एखाद्या मुलाने खेळण्यातले ठोकळे रचून ठेवले असावेत असे वाटते. चंदीगड नगराची रचना करणारा ल कॉर्ब्युझिए या जगद्विख्यात वास्तुशिल्पकाराची ही अखेरची कृती. आज तिचा उपयोग संग्रहालय म्हणून होतो, आणि उन्हाळ्याच्या हंगामात ती लोकांस पाहावयास मिळते.

आम्ही तेथे गेलो ते केवळ कुतूहलाने. व्यवसायाने वकील असलेल्या मनुष्यास वास्तुकलेतले मर्म कळते असा दावा आम्ही करणार नाही. परंतु कलाकृती पाहावयास गेलेले आम्ही बाहेर पडलो ते एक प्रश्न घेऊन. आणि तो प्रश्न कलेचा नसून मालकीचा, आणि थोडा खोल गेल्यास धर्माचा होता. देवस्थानांशी ज्यांचा नित्याचा संबंध आहे अशा आमच्या वाचकांपुढे तो मांडावा, असे परत आल्यापासून मनात घोळत आहे.

प्रथम वास्तूविषयी. आत शिरल्यावर एखाद्या धनिकाच्या दालनात आल्यासारखे वाटत नाही. कोणाच्या तरी घरात आल्यासारखे वाटते. तळमजल्यावर स्वयंपाकघर आहे. एक दालन दोन मजल्यांइतके उंच आहे, बाकीच्या जागा ठेंगण्या आहेत. वर जाण्यास जिना आहे, आणि बाहेरच्या अंगास काँक्रिटची एक बंदिस्त चढणही आहे. सर्वांत वर गच्ची, आणि गच्चीवर ते छप्पर. संपूर्ण घर २२६ सेंटिमीटर बाजूच्या घनाकृतींच्या मापाने रचलेले आहे. हे माप कोठून आले? ल कॉर्ब्युझिएने १८३ सेंटिमीटर उंचीचा मनुष्य कल्पिला होता. त्याने हात वर केला असता बोटांची टोके जेथे पोहोचतात ती उंची २२६ सेंटिमीटर. या मापनपद्धतीस तो मॉड्युलॉर म्हणत असे. आम्हीही तेथे उभे राहून हात वर केला. बोटे छतापर्यंत पोहोचली नाहीत. आमच्या देहाचे माप त्याने हिशेबात धरलेले नव्हते. पण मनुष्याच्या देहावरून वास्तूचे माप ठरवावे ही कल्पना आम्हांस परकी वाटली नाही. आपल्याकडे गाभाऱ्याचे दार मुद्दाम ठेंगणे ठेवतात, म्हणजे आत जाणाऱ्याची मान आपोआप लवते. तेथे मनुष्याच्या उंचावलेल्या हाताचा विचार झाला, येथे लवलेल्या मानेचा.

आता या वास्तूच्या जन्माची हकीकत. झुरिक येथे गृहसजावटीचा व्यवसाय करणाऱ्या हायडी वेबर नावाच्या तरुण स्त्रीने १९५८ साली ल कॉर्ब्युझिएची गाठ घेतली. त्याने आखलेल्या खुर्च्या तयार करून विकण्याचे काम तिने पुढच्या वर्षी हाती घेतले, त्याची चित्रे लोकांपुढे मांडली, आणि १९६० साली, त्याच्या कलेसाठी त्यानेच एक घर बांधून द्यावे, अशी गळ त्यास घातली. पहिला आराखडा काँक्रिटचा होता; पुढे तो पोलाद आणि काच यांचा झाला. नगराने १९६४ साली सरोवराकाठची जागा तिला ५० वर्षांच्या कराराने दिली. बांधकामाचा भार तिने स्वतः उचलला. छपराचे भाग कारखान्यात तयार होऊन आले, जागेवर जोडले गेले, आणि छप्पर आधी उभे राहून घर मागाहून त्याखाली बांधले गेले. घराच्या सांध्यांत २०,००० हून अधिक बोल्ट आहेत.

परंतु हे घर पुरे झालेले पाहणे त्याच्या कर्त्याच्या नशिबी नव्हते. २७ ऑगस्ट १९६५ रोजी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर समुद्रात पोहत असता ल कॉर्ब्युझिएस मृत्यू आला. ज्या स्त्रीने हे काम आरंभिले होते तिने ते तडीस नेले, आणि १५ जुलै १९६७ रोजी वास्तूचे उद्घाटन झाले. तिच्या नावात दोघांचीही नावे होती: ल कॉर्ब्युझिए केंद्र, हायडी वेबर संग्रहालय. पुढे जवळजवळ अर्धे शतक तिने ते चालविले.

करार मात्र आपली मुदत विसरत नाही. २०१४ साली ५० वर्षे पुरी झाली, आणि ठरल्याप्रमाणे इमारत नगराच्या मालकीची झाली. येथून कलह सुरू झाला. वास्तूच्या नावात आपले नाव राहिले पाहिजे असा हायडी वेबर यांचा आग्रह होता. नगराने संस्थेस केवळ ल कॉर्ब्युझिएचे नाव ठेवले. संबंध दुरावले, त्यांनी जमविलेला संग्रह वास्तूबरोबर नगराकडे गेला नाही. नगराने २०१७ ते २०१९ या काळात इमारतीचा काळजीपूर्वक जीर्णोद्धार केला, आणि २०१९ पासून म्युझियम फ्युर गेस्टाल्टुंग ही संस्था ती चालवीत आहे. आम्ही पाहिले ते हे नवे, स्वच्छ, उजळलेले रूप. हायडी वेबर यांची हकीकत जाणून घेऊ पाहणाऱ्यास ती कळते; दारावरच्या नावात मात्र ती नाही.

वकिलाच्या दृष्टीने पाहिल्यास या प्रकरणात फारसे अवघड काही नाही. जमीन नगराची, मुदत ठरलेली, मुदतीनंतरचे ठरलेले. आपल्या देशात मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्याप्रमाणे, उलट करार नसेल तर, भाडेपट्ट्याने घेतलेल्या जमिनीवर उभारलेली वस्तू पट्टेदारास पट्टा संपल्यावर, ताबा सोडण्यापूर्वी काढून नेता येते; पण उलट करार असेल तर करारच बोलतो. तेव्हा नगराचा हक्क निर्विवाद. तथापि हक्क निर्विवाद असणे आणि वर्तन योग्य असणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे आमच्याइतके दुसऱ्या कोणत्या व्यवसायातील मनुष्यास ठाऊक असणार? जिच्या पन्नास वर्षांच्या कष्टांवाचून ती वास्तू उभीच राहिली नसती, तिचे नाव दारावरून उतरविताना नगरास काही वाटावयास नको होते काय? आणि उलट, जी वस्तू लोकांसाठी म्हणून बांधली, तिच्या दारावर आपले नाव असलेच पाहिजे, असा आग्रह धरणे हे दातृत्वास शोभते काय?

गच्चीवर उभे राहून समोरचे झाडांचे शेंडे पाहत असता हे दोन्ही प्रश्न आम्ही एखाद्या परदेशस्थ खटल्यासारखे अलिप्तपणे तोलीत होतो. आणि एकाएकी ध्यानात आले की, हा खटला परदेशस्थ मुळीच नाही. यातील एक दस्तऐवज आम्ही स्वतः लिहिलेला आहे.

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वकिलीची ती पहिलीच वर्षे. आमच्या भागातील एका देवस्थानास नवा सभामंडप हवा होता. एका सधन गृहस्थांनी संपूर्ण खर्च देऊ केला आणि बक्षीसपत्राचा मसुदा आमच्याकडे आला. त्यांची इच्छा साधी होती: मंडपाच्या दर्शनी भागावर आपल्या दिवंगत वडिलांचे नाव असावे. आम्ही तरुण होतो, आणि आपल्या भाषेची आम्हांस फार हौस होती. आम्ही लिहिले की, सदर नाव मंडपाच्या दर्शनी भागावर यावच्चंद्रदिवाकरौ राहील, आणि दात्याच्या वा त्याच्या वारसांच्या लेखी संमतीवाचून मंडपाच्या रचनेत कोणताही फेरफार करता येणार नाही. ही दुसरी अट मागितली कोणी नव्हती. नाव सुरक्षित राहावे म्हणून ती आम्हीच सुचविली, आणि पक्षकाराने आमच्या दूरदृष्टीची वाखाणणी केली.

त्या बैठकीत देवस्थानाचे एक वृद्ध महाजन बसले होते. देवळाच्या चिऱ्याच्या पायऱ्या त्यांनी स्वखर्चाने बांधून दिल्या होत्या आणि त्यावर एक अक्षरही कोरू दिले नव्हते. मसुदा वाचून झाल्यावर ते आम्हांस एवढेच म्हणाले, "नांव कित्याक जाय? देवाक खबर आसा." आम्ही हसलो. भाबडेपणा म्हणून आम्ही ते सोडून दिले.

आज तो मंडप गळतो. त्याच्या स्लॅबचे पाणी जुन्या चिरेबंदी भिंतीत उतरते, आणि गाभाऱ्याच्या पाठीमागच्या अंगास बारमाही ओल असते. स्लॅब काढून पूर्वीसारखे कौलारू छप्पर घालावे असे समितीस वाटते. दाते आता हयात नाहीत. त्यांच्या मुलास हा बदल वडिलांच्या आणि आजोबांच्या स्मृतीचा उच्छेद वाटतो, आणि त्याच्या हाती आमच्या हस्ताक्षरातील ती अट आहे. दावा न्यायालयात चालू आहे. ज्या देवासाठी मंडप बांधला त्याच्याच भिंतीत पाणी मुरत आहे, आणि पाणी थांबविण्याच्या आड उभे आहे ते आमचे एक वाक्य.

आता विचार करू. कोणतीही सार्वजनिक वास्तू घेतली तर तिच्यावर तीन जण आपला हक्क सांगतात. पहिला, जो ती कल्पितो आणि रचतो. दुसरा, जो तिच्यासाठी धन वेचतो. तिसरा, जो ती सांभाळतो. झुरिकच्या वास्तूत हे तिघे स्वच्छ वेगळे दिसतात: वास्तुशिल्पकार, हायडी वेबर आणि नगर. आमच्या मंडपातही दाता आणि समिती हे दोघे समोरासमोर उभे आहेत. त्यातील गवंड्याचे नाव कोणी विचारलेही नाही. प्रत्येक जण म्हणतो, वास्तू माझी. आणि प्रत्येकाच्या म्हणण्यात काही तथ्य असते, म्हणूनच भांडण मिटत नाही.

या कोड्याचे एक उत्तर आपल्या देवस्थानांच्या परंपरेत फार पूर्वीपासून आहे, आणि इंग्रजी अमदानीतील न्यायाधीशांनाही ते मान्य करावे लागले. देवालयाची मालमत्ता बांधणाऱ्याची नाही, देणाऱ्याची नाही, व्यवस्था पाहणाऱ्याचीही नाही, ती देवाची. १९२५ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे बंगालमधील मल्लिक घराण्याचा तंटा गेला. पाळीपाळीने पूजा करणाऱ्या कुटुंबीयांत असा वाद होता की, ज्याची पाळी असेल त्याने मूर्ती आपल्या घरी न्यावी की नाही. न्यायाधीशांनी सांगितले की, मूर्ती म्हणजे कोणी उचलून न्यावी अशी चीजवस्तू नव्हे. कायद्याच्या दृष्टीने ती व्यक्ती आहे, तिच्या हिताचा आणि इच्छेचा विचार झाला पाहिजे, आणि त्यासाठी ज्याचा स्वतःचा काही स्वार्थ नाही अशा मनुष्याने तिच्या वतीने बोलावे. हा निर्णय विद्यार्थिदशेत आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. त्यातील नीती कळावयास सरोवराकाठच्या एका काचेच्या घरात जावे लागले.

या कल्पनेचे सामर्थ्य असे की ती भांडणाऱ्या सर्वांनाच एकदम एका पायरीने खाली उतरवते. कर्ता, दाता आणि व्यवस्थापक हे तिघेही मालक राहत नाहीत, सेवेकरी होतात. मग प्रश्न बदलतो. वास्तू कोणाची, असे विचारण्याऐवजी, जो स्वतः सही करू शकत नाही, न्यायालयात उभा राहू शकत नाही, त्याच्यासाठी यातील कोणाच्या म्हणण्याने काय होईल, असे विचारावे लागते.

कोणी म्हणेल, देवालयात देव आहे. संग्रहालयात कोण आहे? आक्षेप रास्त आहे. संग्रहालयात मूर्ती नाही, पूजा नाही. परंतु तेथेही एक असा कोणी आहे की जो त्या घराचा खरा धनी असून आज हजर नाही. आणखी पन्नास वर्षांनी त्या हिरवळीवरून चालत येणारे जे मूल आज जन्मलेलेही नाही, ते. त्यास ल कॉर्ब्युझिएचा मान राखावयाचा नाही, हायडी वेबर यांचे ऋण त्याने घेतलेले नाही, नगराच्या निवडणुकीत त्याचे मत नाही. त्यास ते घर धडधाकट अवस्थेत मिळावे एवढाच त्याचा अधिकार आहे. आणि त्याच्या वतीने बोलणारा निःस्वार्थी मनुष्य मिळणे देवाचा वकील मिळण्याइतकेच दुर्मिळ आहे.

या कसोटीवर नावाचा प्रश्न घासून पाहावा. नाव लावणे हे मुळातच निंद्य आहे, आपले पूर्वज सारे निनावी राहिले, असे बोलण्याची एक रीत आहे. ती आम्हांस मान्य नाही, कारण ती खरी नाही. बेलूर आणि सोमनाथपूर येथील होयसळ मूर्तिकारांनी आपली नावे दगडावर कोरून ठेवली आहेत. मल्लितम्म हे नाव आजही वाचता येते. आपल्या हातच्या कामाखाली नाव लिहिणाऱ्या कारागिरात उत्तरदायित्व आहे: काम वाईट झाले तर दोष कोणाचा, हे त्याने सांगून ठेवले आहे. पंढरपुरास नामदेवाचे नाव आहे तेही पायरीला, भक्तांच्या पायांखाली. म्हणजे नाव असण्यानसण्यात पाप-पुण्य नाही. नाव कोठे आहे, आणि त्याच्या पाठीमागे काय मागणी आहे, यात ते आहे. अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास काशीस विश्वेश्वराचे देवालय पुन्हा उभे केले. देव विश्वेश्वरच राहिला, आणि बांधणारीचे नाव तरीही अडीचशे वर्षांत पुसले गेले नाही. कवळे येथील श्री शांतादुर्गेचे आजचे देवालय अठराव्या शतकात शाहू महाराजांच्या दरबारातील नारोराम मंत्र्यांच्या प्रयत्नाने उभे राहिले. त्यांचे स्मरण भक्त करतात ते कोणत्याही अटीने बांधलेले आहेत म्हणून नव्हे.

शिवाय नाव ही दिसते तितकी निर्धोक वस्तूही नव्हे. ल कॉर्ब्युझिएचे चित्र १९९७ पासून स्वित्झर्लंडच्या दहा फ्रँकच्या नोटेवर होते. पण दुसऱ्या महायुद्धात नाझींपुढे नमलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारकडून काम मिळावे म्हणून त्याने केलेली खटपटही इतिहासात नोंदलेली आहे, आणि तीवरून त्याच्या नावाभोवती आज वाद उठतात. ज्याचे नाव दारावर लावावे त्याच्या गुणांबरोबर त्याचे दोषही त्या दारावर टांगले जातात. मनुष्याच्या नावाला चंद्रसूर्याइतके आयुष्य मागणे हे त्या मनुष्यावरही अन्यायाचे आहे.

म्हणून आमचा पहिला निष्कर्ष दात्याविषयी आहे. आहुती देताना यजमान "न मम" म्हणतो, आणि हात मोकळा करतो. आहुती अग्नीत पडल्यावर ती कशी जळावी याविषयी त्याची अट नसते. कायद्यालाही हे मर्म कळले आहे: दात्याच्या केवळ मर्जीवर परत घेता येईल असे बक्षीस आपला कायदा बक्षीस मानीत नाही, तितक्यापुरते ते रद्द ठरते. आमची ती अट बक्षीस परत घेण्याची नव्हती, म्हणून कायद्याच्या तावडीतून ती सुटली. पण नीतीच्या दृष्टीने तिने दात्याचा हात दानावरच ठेवून दिला होता. तो हात आम्ही ठेवला. बिचाऱ्या दात्यास तर फक्त वडिलांची आठवण राहावी एवढेच हवे होते.

परंतु सर्व उपदेश दात्यालाच करून थांबणे हे लबाडीचे होईल. अनेक देवस्थानांच्या समित्यांची हीच लबाडी असते. देणगी घेताना दात्याच्या घरी पाच खेपा, देणगी मिळाल्यावर निष्काम कर्मावर प्रवचन. झुरिकच्या त्या वास्तूच्या शेजारीच एक चिनी उद्यान आहे. चीनमधील कुनमिंग नगराच्या पाणीपुरवठ्याच्या आणि सांडपाण्याच्या कामी झुरिकने जाणकारांचे साहाय्य दिले होते. त्याची कृतज्ञता म्हणून कुनमिंगने १९९० च्या दशकात ते उद्यान झुरिकला भेट दिले. कोणत्याही कराराने कुनमिंगला ते द्यावयास भाग पाडले नव्हते. एका हिरवळीच्या परिसरात दोन भेटी उभ्या आहेत. एक केवळ उपकाराच्या आठवणीतून आलेली. दुसरीच्या बाबतीत आठवण कोणी आणि कशी ठेवावी यावरून कटुता आलेली. देणाऱ्याने हात सोडला पाहिजे हे खरे. पण घेणाऱ्याने ध्यानात ठेवले, तरच त्यास हात सोडण्याचा धीर होतो. कृतज्ञतेचा भरवसा नसला म्हणजे दाता वकिलाकडे जातो.

आणि तिसरा पक्ष, सांभाळणारा. याचे महत्त्व सर्वांत अधिक, आणि मान सर्वांत कमी. अहमदाबादेस साबरमतीच्या तीरी पालडी भागात याच ल कॉर्ब्युझिएने नगरासाठी संस्कार केंद्र नावाचे संग्रहालय बांधले; १९५४ साली त्याची पायाभरणी झाली. खांबांवर उचललेली ती विटांची वास्तू, ऊन सोसावे म्हणून छतावर पाणी आणि झाडे असावीत ही त्यातील कल्पना, हे सारे तज्ज्ञांच्या अभ्यासाचा विषय आहे. कर्ता तोच, त्याचे नावही कोणी पुसलेले नाही. पण अनेक वर्षे त्या वास्तूची नीट निगा राहिली नाही आणि तिला दुरवस्था आली. झुरिकच्या घरावर नावाचा तंटा आहे, तरी पत्रा गंजू दिलेला नाही. अजून न जन्मलेल्या त्या धन्याच्या दृष्टीने पाहिले तर या दोहोंत कोणत्या नगराने आपले कर्तव्य अधिक केले, हे सांगावयास नको. कलह वाईटच, पण ज्या वस्तूविषयी कोणी भांडावयासही उरत नाही तिची गत त्याहून वाईट.

परत आल्यावर आम्ही त्या दात्याच्या मुलाची भेट घेतली. आज आम्ही त्या दाव्यात कोणाच्याच बाजूने उभे नाही, म्हणून दोन्ही पक्षांच्या वकिलांस कळवून आम्हांस जाता आले. आम्ही त्यास सांगितले, "ती अट आपल्या वडिलांनी मागितलेली नव्हती. ती आमची चूक होती. मंडपातले पाणी गाभाऱ्यात उतरत आहे. आपल्या वडिलांना हे रुचले असते असे आपणांस वाटते काय?"

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "वकीलसाहेब, दगड काढला की आजोबांचे नाव कोण घेणार? समितीतल्या पाचांना तरी ते ठाऊक आहे काय?"

या प्रश्नास आमच्यापाशी कायद्याचे उत्तर नव्हते. आम्ही समितीकडे गेलो आणि विचारले. पाचांपैकी दोघांना नाव आठवत होते, तेही दगडावर रोज दिसते म्हणून. आमचे डोके तेथे खाली गेले, आणि त्यांचेही.

आम्ही एक तडजोड सुचविली आहे. स्लॅब निघावा, कौलारू छप्पर यावे, दर्शनी पाटी उतरावी, आणि वारसांनी संमतीचा हक्क सोडून द्यावा. त्याबदली देवस्थानाने आपल्या वहीत सर्व दात्यांची नावे लिहावीत. मंडप देणाऱ्याचे, पायऱ्या देणाऱ्याचे, आणि शोध लागल्यास गवंड्याचेही. दरवर्षी वर्धापनदिनी गाऱ्हाणे घालताना पुरोहिताने ती नावे देवापुढे मोठ्याने वाचावीत. पाटी एकदा लावली की तिच्याकडे कोणी पाहत नाही. वाचावयाची नावे मात्र दरवर्षी कोणाला तरी वाचावी लागतात, आणि ज्या वर्षी ती वाचली जाणार नाहीत त्या वर्षी चूक कोणाची, हे सर्वांना कळेल. हा भार दात्यावर नाही, घेणाऱ्यावर आहे; आणि तो तेथेच असावयास हवा.

मुलाने अद्याप सही केलेली नाही. समितीतही, नावांच्या वहीत कोणाला घ्यावे आणि कोणाला नाही, यावरून कुरबूर सुरू झाली आहे. यंदाचा पाऊस तरी त्या भिंतीतून उतरणार असे दिसते. मसुदा मात्र आम्ही विनामूल्य लिहून दिला आहे, आणि या वेळी त्यात यावच्चंद्रदिवाकरौ हा शब्द कोठेही घातलेला नाही.